जुन्या पद्मिनीत एएफआर गेज बसवायचाय, सेन्सर कुठला घेऊ?

पद्मिनीवाला_पुणे

नमस्कार मंडळी. वडिलांची ७८ सालची पद्मिनी दोन वर्षांपासून हळूहळू उभी करतोय. इंजिन बोअर करून नवीन पिस्टन टाकलेत, व्हॉल्व्ह लॅप केलेत, कार्बोरेटर जुनाच सोलेक्स आहे पण नवीन किट टाकून साफ केलाय. गाडी चालू होते, आयडल पण धरते, पण तिसऱ्या गिअरला ४० च्या आसपास पाय दाबला की क्षणभर गाडी मरगळते आणि मग उचलते, कात्रजच्या चढाला तर जास्तच जाणवतं. प्लग काढले तर एक आणि चार पांढरट, मधले दोन चहाच्या रंगाचे. एक मेस्त्री म्हणतो मेन जेट (कार्बमधलं पेट्रोल मोजून सोडणारं भोक) मोठा टाक, दुसरा म्हणतो टायमिंग बघ. अंदाजाने जेट बदलत बसण्यापेक्षा आकडा बघून काम करायचंय म्हणून एअर-फ्युएल (एएफआर) गेज, म्हणजे धुरावरून हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारं मीटर, घ्यायचं ठरवलंय.

ऑनलाइन दोन-अडीच हजारात रंगीत लाइटवाले गेज दिसतात आणि दुसरीकडे वाइडबँड आहेत जे ड्युटी धरून वीस हजाराच्या वर जातायत. एवढा फरक का? सेन्सर बॉशचा एलएसयू ४.२ घ्यायचा की ४.९? आणि गाडीत अजून डायनॅमोच आहे, अल्टरनेटर नाही, त्यावर हे चालेल का? माहीतगारांनी सांगा, पैसे एकदाच खर्च करायचेत.

कोल्हापूर_गॅरेज

दादा, लाइटवालं गेज अजिबात घेऊ नका, ते नॅरोबँड सेन्सरवर चालतं. तो सेन्सर म्हणजे एक प्रकारचा स्विच आहे, मिक्श्चर लीन (पेट्रोल कमी) असेल तर ०.१ व्होल्टच्या आसपास, रिच (पेट्रोल जास्त) असेल तर ०.९ च्या आसपास, आणि मधे ०.४५ ला म्हणजे बरोबर १४.७ ला (वजनात एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा) एकदम उडी मारतो. इंजेक्शनच्या गाडीत ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) तेवढंच पुरतं कारण त्याला १४.७ च्या आजूबाजूलाच राहायचं असतं. तुम्हाला मात्र फुल थ्रॉटलला १२.५ आहे की १३.५ हे बघायचंय आणि तिथे नॅरोबँडचा व्होल्टेज जवळपास सपाट असतो, वर सेन्सर किती तापलाय त्यावरही तो हलतो. लाइट नुसते नाचताना दिसतील, त्यावरून जेट ठरवता येत नाही.

वाइडबँडच घ्या, तो लीनपासून रिचपर्यंत नेमका आकडा देतो, आणि एलएसयू ४.९ वाला घ्या. एईएमचा एक्स सिरीज किंवा इनोव्हेटचा एमटीएक्स-एल प्लस, दोन्हीत ४.९ येतो. ४.२ ला संदर्भ म्हणून बाहेरची हवा लागते, ती जागा तेल-धुराने खराब झाली की रीडिंग सरकतं, ४.९ मधे ती भानगड नाही. एक लक्षात ठेवा, ४.२ च्या कंट्रोलरवर ४.९ लावता येत नाही, उलटही नाही. आणि सेन्सरचं कनेक्टर कधीच कापायचं नाही! त्याच्या आत त्या एकाच सेन्सरसाठी मोजून बसवलेला रेझिस्टर असतो, वायर छोटी पडते म्हणून कनेक्टर कापून जोडलं की कॅलिब्रेशन गेलं. पॅनेलच्या बाजूने एक्स्टेन्शन केबल घ्या.

नाशिक_६२

वरच्यांनी सेन्सरचं नीट सांगितलंय, मी बसवण्याचं सांगतो कारण माझा पहिला सेन्सर तीन आठवड्यांत गेला, तेही माझ्याच हातून. मॅनिफोल्डच्या गॅस्केटला साधं सिलिकॉन लावलं होतं, त्याची वाफ सेन्सरला विष आहे. सीलंट लावायचंच असेल तर पाकिटावर ऑक्सिजन सेन्सरला सुरक्षित लिहिलेलं बघून घ्या. दुसरं म्हणजे इंजिन चालू आणि सेन्सरला करंट नाही असं कधी ठेवू नका, हीटर बंद असला की काजळी बसून सेन्सर मरतो. कार्बच्या गाडीत तर चोक ओढला की काजळी भरपूरच.

वेल्डिंगवाल्याकडे जाताना १८ बाय १.५ आट्याचा बॉस (सेन्सर आवळायची रिंग) घेऊन जा, शक्यतो टिग करून घ्या. डाऊन पाइपमधे चारही सिलिंडरचा धूर एकत्र झाल्यावर, मॅनिफोल्डपासून साधारण दोन फूट लांब. सेन्सर खाली लटकवायचा नाही, वायरचं टोक आडव्यापेक्षा किमान दहा अंश वर ठेवून बसवायचा, नाहीतर सकाळी पाइपात साचलेलं पाणी तापलेल्या सेन्सरवर पडून आतलं सिरॅमिक तडकतं. आणि सेन्सरच्या आधी पाइप कुठे फुसफुसत असेल तर आधी ते बंद करा, बाहेरची हवा आत ओढली जाते आणि गेज खोटं लीन दाखवतं. मिसफायर असेल तरी तसंच, न जळलेली हवा तशीच बाहेर येते आणि सेन्सरला ऑक्सिजन दिसतो.

कोल्हापूर_गॅरेज

अजून एक, गेज चारही सिलिंडरची सरासरी दाखवणार. तुमचे एक आणि चार पांढरट म्हणजे लीन आहेत हे त्यात दिसणार नाही, म्हणून प्लग बघणं सोडू नका. आधी इंटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट आणि कार्बखालचं फ्लँज तपासा, कुठून हवा ओढतेय का.

पद्मिनीवाला_पुणे

खूप आभार दोघांचे, कनेक्टरचं तर मला माहीतच नव्हतं. डायनॅमोचं कुणी सांगेल का? आणि आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) च मिळतं, मग १४.७ हाच आकडा धरायचा का?

जेट_१२०

डायनॅमोवर चालेल पण जपून. सेन्सर तापताना दोन-तीन अँपियर ओढतो आणि आयडलला डायनॅमो जवळपास काहीच देत नाही, सगळं बॅटरीवर. रात्री हेडलाइट लावून ट्राफिकमधे ट्यूनिंग करू नका, दिवसा करा आणि बॅटरी चांगली असू द्या. वायर स्वतंत्र फ्यूज टाकून रिलेवरून घ्या.

ई२० चा मुद्दा फार महत्त्वाचा आहे आणि कार्बवाल्या गाड्यांत कुणी तिकडे बघतच नाही. १४.७ हे बिनइथेनॉलच्या पेट्रोलचं गणित, ई२० ला साधारण १३.५ लागतं. सेन्सर मुळात लॅम्डा मोजतो (मिक्श्चर बरोबर असेल तर १, त्याहून जास्त म्हणजे लीन, कमी म्हणजे रिच) आणि गेज त्याला १४.७ ने गुणून दाखवतं, म्हणजे टाकीत ई२० असलं तरी मिक्श्चर बरोबर असेल तर गेज १४.७ च दाखवणार. गोंधळ नको म्हणून गेज सरळ लॅम्डावर सेट करा. आयडल ०.९ ते ०.९५, एका वेगात शांत चालताना १ च्या आसपास, फुल थ्रॉटलला ०.८५ ते ०.८८, मग पेट्रोल कुठलंही असो.

आता बघा, तुमचे जेट जुन्या पेट्रोलच्या हिशोबाचे आहेत, ई२० वर तीच गाडी साधारण आठ टक्के लीन चालणार. सोलेक्सच्या जेटवरचा नंबर म्हणजे भोकाचा व्यास, ११५ म्हणजे १.१५ मिलिमीटर. समजा ११५ चा १२० केला तर क्षेत्रफळ नऊ टक्क्यांच्या आसपास वाढतं, म्हणजे एवढ्या एका पायरीत ई२० चा फरक बराचसा भरून निघतो. पण आधी मोजा. पाय दाबल्यावर गेज क्षणभर लीन जाऊन परत येत असेल तर दोष अ‍ॅक्सिलरेटर पंपाचा (पाय दाबला की जादा पेट्रोल फवारतो तो), त्याचा डायफ्रॅम बघा. दाबून धरल्यावरही लीनच राहत असेल तर मेन जेट. मरगळ दोन्हीत सारखीच वाटते म्हणून मेस्त्री लोकांचे दोन मत पडतात.

नाशिक_६२

आणि ट्यूनिंग झालं की सेन्सर काढून तिथे १८ बाय १.५ चा बोल्ट तांब्याच्या वॉशरसकट मारून ठेवा. सेन्सर वर्षानुवर्षं टिकेल, आमच्या इथे एकच गेज पाच गाड्यांत फिरतं.

पद्मिनीवाला_पुणे

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितोय. ४.९ वालं गेज घेतलं, बॉस मारला. शांत चालताना लॅम्डा १.०९, आणि पाय दाबला की १.३ च्या वर जाऊन दोन सेकंदांनी खाली. पंपाचा डायफ्रॅम काढला तर किटमधला नवा असूनही कडेला दुमडून बसला होता, तो नीट बसवला. कार्बखालचं गॅस्केट पण बदललं. आता पाय दाबल्यावर १.०५ च्या वर जात नाही, पण शांत चालताना अजून १.०६ आहे. जेट माझा ११५ च निघाला. १२० चा कुठे मिळेल ते सांगा, रविवारी बसवून कात्रजला परत जातो.