वय 41, वजन 94, सवय शून्य: कोल्हापुरात कुठल्या क्लासला जावं?

रंकाळाकाठ विचारतात:
उंची 5 फूट 7 इंच, दिवसभर खुर्चीवरचं काम. रक्तदाबाची एक गोळी रोज चालू आहे. गुडघे दुखत नाहीत, पण तीन मजले चढले की धाप लागते. जिमला जायचं नाही, हाताला-पायाला काहीतरी शिकवायचं आहे. राजारामपुरीत घराजवळ कराटे आणि तायक्वांदो आहे, बॉक्सिंग आणि ज्यूदो जरा लांब. शिवाजी पेठेत मर्दानी खेळ (लाठी, दांडपट्टा) शिकवतात, आणि तालमी तर आहेतच. सुरुवात कशानं करावी? क्लास बघायला गेल्यावर नेमकं काय बघायचं? आधी वजन उतरवून मग जावं का?

तातामी:
वजन उतरायची वाट बघू नका. क्लासला जो दम लागतो तो क्लासमध्येच वाढतो.

आणि कला कुठली याआधी बॅच कुठली ते बघा. संध्याकाळी सहाची बॅच बहुतेक ठिकाणी शाळेच्या पोरांची असते. 30 किलोच्या पोराबरोबर 94 किलोच्या माणसाची जोडी लावता येत नाही, मग सर तुम्हाला कोपऱ्यात एकट्यालाच ठोसे घोटायला लावणार आणि महिन्याभरात तुमचं मन उडणार. वजनी गट उगाच केलेले नाहीत. खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीत कांस्य मिळवलं ते 57 किलोच्या गटात. नवख्याला तर जोडीदार दहा-बारा किलोच्या फरकातला आणि निदान वर्षभर शिकलेला हवा. नवखा-नवखा जोडी सगळ्यात धोक्याची, कारण दोघांनाही जोर कुठं सोडायचा ते कळत नाही.

एक अख्खा तास बसून बघा. तिशीच्या पुढचे किती आहेत? सरांनी नवीन माणसाला जुनी दुखणी विचारली का? जमिनीवर टाच दाबून बघा. ज्यूदोची तातामी, म्हणजे जमिनीवरची गादी, साधारण 4 सेंमी जाड असते. कराटे-तायक्वांदोला कोड्यासारख्या जोडायच्या मॅट असतात, 2 ते 2.5 सेंमीच्या. उभ्यानं खेळायला त्या पुरतात, पण खाली फरशी असताना त्यांच्यावर फेक घेऊ नका. दोन मॅटमध्ये फट असेल तर पायाचं बोट तिथंच मोडतं.

माझं मत ज्यूदोला, कारण तिथं पहिल्यांदा पडायला शिकवतात, आणि चाळिशीनंतर ते रस्त्यावर, न्हाणीत, सगळीकडे कामाला येतं. क्रम असा: आधी आडवं झोपून, मग उकिडवं बसून, शेवटी उभं राहून. हनुवटी छातीला, नजर पट्ट्याच्या गाठीवर, श्वास सोडत मागं जायचं आणि हात अंगापासून 30 ते 45 अंशांवर, तळव्यापासून कोपरापर्यंत एकदम आपटायचा. सगळ्यांची चूक एकच: घाबरून मागं तळहात टेकतात. मग अख्खं वजन मनगटावर येतं, मनगट जातं नाहीतर कॉलर बोन. पहिला महिनाभर कुणाकडून फेकून घेऊ नका. पहिल्याच आठवड्यात उचलून आपटणारे सर असतील तर दुसरा क्लास शोधा.

लालमाती:
भावा, तालमीबद्दल सरळ सांगतो. तालीम म्हणजे क्लास न्हवं. पहाटे उठून जोर-बैठका, सपाट्या, हौद्यातली माती खणायची, मग लढती, आणि संध्याकाळी पुन्हा मेहनत. पोरं ते दहा-बाराव्या वर्षापासून करत्यात. एक्केचाळीसाव्या वर्षी, गोळी चालू असताना थेट लढतीत उतरू नकोस. मानेला झटका बसतो, कान मातीत घासून सुजतो आणि तसाच जाड राहतो.

पण नुसती मेहनत करायला जाता येतं. पेठेतल्या तालमीत वस्तादांना आधी भेट, वय आणि गोळी दोन्ही सांग. सुरुवातीला जोर जमिनीवर नको, गुडघ्याएवढ्या कट्ट्यावर हात टेकून पाच-पाचचे तीन फेरे. बैठका अर्ध्या, मांडी जमिनीला समांतर यायच्या आधीच वर, दहा-दहाचे तीन. वर येताना श्वास सोडायचा. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब सरकन चढतो, आणि तुझ्यासाठी हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची.

अजून एक. मेहनत सुरू झाली की लगेच खुराक सुरू करू नकोस. तूप, बदाम, थंडाई हे दोन वेळ घाम गाळणाऱ्या पैलवानाचं खाणं. आठवड्यातनं तीन तास करणाऱ्याचं त्यानं वजन वाढतंय.

सांधेजोड:
वरचं पटतं, पण लगेच जाण्याआधी तीन आठवडे तयारी करावी असं मला वाटतं. स्नायू लवकर तयार होतात. टाचेमागची शीर आणि पोटरी-नडगीला वेळ लागतो. म्हणून नवीन माणूस दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात लंगडतो, पहिल्या दिवशी नाही. रोज 30 मिनिटं रंकाळ्याच्या काठानं भरभर चाला. पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा सावकाश खाली-वर, दहाचे दोन फेरे. दोरीवरच्या उड्या पहिले सहा आठवडे नकोच. क्लासमध्ये सगळे मारत असतील तर तुम्ही जागच्या जागी चाला, आणि हे सरांना आधीच सांगून ठेवा. क्लास आठवड्यातून दोनदाच, मध्ये दोन दिवस मोकळे.

त्याआधी डॉक्टरांकडून रक्तदाब आणि ईसीजी करून घ्या. गोळीच्या नावाच्या शेवटी ‘लॉल’ असेल, म्हणजे मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल वगैरे, तर नाडी हवी तेवढी वाढतच नाही. मग हातातल्या घड्याळाचा आकडा फसवा. त्यापेक्षा बोलून बघा: पूर्ण वाक्य बोलता येतंय तोवर ठीक, दोन शब्दांनी तुटायला लागलं की वेग कमी करा. फेरी संपली की धपकन बसू नका, पाच मिनिटं चालत राहा, नाहीतर चक्कर येते. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आली तर त्याच क्षणी थांबायचं आणि तडक दवाखाना गाठायचा.

तायक्वांदो सध्या तुमच्यासाठी शेवटचा पर्याय. दोष कलेचा नाही, पण तिथं भर उंच लाथांवर असतो. गोल लाथ मारताना टेकलेल्या पायाची टाच उचलून चवड्यावर आधी वळायचं, मग कंबर. टाच चिकटून राहिली की सगळी पीळ गुडघ्यात जाते आणि कूर्चा फाटते. कराटेतही लाथा आहेत, पण पहिले तीन-चार महिने कमरेखाली मारल्या तरी शिकणं अडत नाही. लाथ-ठोसा हवेत मारताना सांधा पूर्ण ताठ करून झटका देऊ नका, कोपर नाहीतर गुडघा सुजतो.

बॉक्सिंगला गेलात तर हाताची पट्टी 4.5 मीटरची घ्या, छोटी मनगटाला पुरत नाही. बॅग मारायला 14 औंसचे ग्लोव्ज. मार तर्जनी आणि मधल्या बोटाच्या गाठींवर बसला पाहिजे. करंगळीच्या बाजूनं बसला तर तिथलं हाड मोडतं. डोक्यावर ठोसे घेणं रक्तदाबवाल्यानं टाळावंच.

पवित्रा:
लाठीबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. तुमच्या परिस्थितीत मर्दानी खेळ ही फार चांगली सुरुवात आहे. आपटणं नाही, समोरच्याचं वजन अंगावर येत नाही, आणि पवित्र्यात पाय टाकत फिरताना दम आपोआप वाढतो. जड लाठी घेऊन मिरवायचा मोह टाळा. हलका, सरळ वेत किंवा बारीक बांबू घ्या, उभा धरला तर हनुवटीपर्यंत येईल एवढा. फिरवताना मूठ आवळली की चार दिवसांत कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागतं. पकड सैल, फिरणं मनगटातून. दोन्ही हातांनी सारखं करा. दोन माणसांत दोन लाठ्यांएवढं अंतर, हे मोडणाऱ्या गर्दीच्या मैदानात उभं राहू नका. दांडपट्टा मागाहून: त्यात मूठ कोपरापर्यंतच्या खोबणीत असते, मनगट वळतच नाही, सगळं खांद्यातून होतं. खांदा तयार नसेल तर तो धरतो.

रंकाळाकाठ:
मनापासून आभार. मग लाठी आणि चालणं आत्तापासून, ज्यूदो तीन महिन्यांनी असं ठरवतोय. म्हणजे ज्यूदो ऐन जुलैत सुरू होईल. पावसाची काही वेगळी काळजी?

तातामी:
आहे. पावसाळ्यात ज्यूदोचा जाड सुती कपडा दोन दिवसांतही वाळत नाही, म्हणून दोन जोड लागतात. 170 सेंमी उंचीचं माप तुम्हाला पोटावर घट्ट होईल. एक माप मोठं घ्या, गार पाण्यात धुवा, आटून झालं की मगच बाह्या कापून घ्या. ओलसर कपडा पुन्हा घातला की गजकर्ण ठरलेलं, आणि ते जोडीदारालाही लागतं. घरी पोचल्यावर लगेच साबणानं आंघोळ, नखं कापलेली. गोल लाल चट्टा दिसला तर औषध चालू होऊन बरा होईपर्यंत मॅटवर यायचं नाही. मेडिकलमधून स्टेरॉइडचं मिश्र मलम आणून लावू नका, त्यानं चट्टा दबतो आणि मागाहून पसरतो.

फी महिन्याचीच भरा. वर्षाची एकदम मागत असतील आणि दर तिमाहीला पट्ट्याची परीक्षा सक्तीची असेल, तर परीक्षेची फी किती ते आधी विचारून घ्या.