पात्रांसोबतच्या नाश्त्याविषयी
डिस्नेच्या मिकी, गूफी अशा कार्टून-पात्रांचा वेष घेतलेल्या कलाकारांसोबतचे जेवण ही पैशांची नासाडी आहे, त्यापेक्षा डिस्नेच्या मनोरंजन उद्यानात रांग लावून मिकीला भेटावे, असे मत वाचले; ते मला पटले नाही. जळगावहून आम्ही तीन पिढ्या फ्लोरिडाच्या डिस्ने वर्ल्डला गेलो होतो आणि चार वर्षांच्या नातीच्या मनात आजही घर करून आहे तो ‘शेफ मिकीज’ या तिथल्या उपाहारगृहातला नाश्ताच. तेथे पात्रे स्वतः टेबलापाशी येतात. गूफीला पाहताच ती, आपल्याकडे सोंगे आली की मुले लपतात तशी, माझ्या पदराआड गेली. तो मात्र पुढे सरसावला नाही, दोन पावलांवर उकिडवा बसून पांढऱ्या हातमोज्याचा तळवा पुढे धरून थांबला आणि अखेरीस तिने आपल्या वॅफलचा तुकडा त्यावर ठेवला. हे मुखवटाधारी बोलत नाहीत, त्यामुळे इंग्रजी न येणाऱ्या मुलांचे काहीच अडत नाही. आरक्षण ६० दिवस आधी खुले होते, ते लगेच करावे. ३ वर्षांखालील मुलांचे पैसे पडत नाहीत, १० वर्षांपासून मात्र मोठ्यांचा दर लागतो. शाकाहाराविषयी आरक्षण करतानाच कळवावे. आम्ही बरोबर नेलेल्या दशम्या त्या दिवशी खोलीवरच राहिल्या.