शस्त्रखरेदीला कायदा हवा की कार्यपद्धती पुरे? सोसायटी ग्रुपवरील चर्चा

ए-१०३ (सकाळी ७.४०): सर्वांना नमस्कार. काल रात्री ग्रुपवर असा एक फॉरवर्ड आला की, अमेरिकेने कायदा करून शस्त्रखरेदीतला पैशाचा चुराडा थांबवला आणि आपल्याकडे तसा कायदाच नाही. यातला दुसरा भाग खरा आहे. आपली संरक्षण खरेदी मंत्रालयाच्या कार्यपद्धतीवर चालते; ती २००२ साली आली, पुढे अनेकदा बदलली, २०२० साली तर जवळजवळ नव्याने लिहिली गेली, पण संसदेने त्यासाठी स्वतंत्र कायदा केलेला नाही. पहिल्या भागाबद्दल मात्र, आयुष्य गोदीत काढून रत्नागिरीला परतलेला माणूस म्हणून, थोडे सविस्तर लिहितो.

अमेरिकेचा तो शस्त्रखरेदी सुधारणा कायदा २००९ चा. सिनेटर कार्ल लेव्हिन आणि जॉन मॅकेन या दोन वेगवेगळ्या पक्षांच्या नेत्यांनी तो मांडला, सिनेटमध्ये तो ९३ विरुद्ध ० मतांनी संमत झाला आणि २२ मे २००९ रोजी ओबामांनी त्यावर सही केली. त्याआधीच्या तपासणीत ९५ मोठ्या प्रकल्पांचा खर्च मूळ अंदाजापेक्षा एकूण २९५ अब्ज डॉलरने वाढल्याचे दिसले होते.

बी-३०२ (सकाळी ८.१५): काका, आमची नवी नौका बांधायला घेतली तेव्हा सुताराने सांगितलेला आकडा आणि शेवटी दिलेला आकडा यांत बरेच अंतर पडले, पण त्यात सुताराचा दोष कमी होता. अर्धा सांगाडा उभा राहिल्यावर वडिलांनी मासळीचा खण दोन हात वाढवायला सांगितला, मग इंजिन मोठे घ्यावे लागले, मग त्याची बैठक बदलावी लागली. सरकारचेही असेच होते की तिकडे मुद्दाम कमी आकडा सांगतात?

ए-१०३ (सकाळी ८.४०): भाऊ, दोन्ही होते. सैन्याला वस्तू हवी असते, कंपनीला काम हवे असते, त्यामुळे सुरुवातीचा आकडा लहान ठेवण्यात दोघांचाही फायदा असतो. आणि निम्मे पैसे खर्च झाल्यावर काम थांबवा असे सांगायला कुणी धजावत नाही. २००९ च्या कायद्याने नेमके इथे बोट ठेवले. किमतीचा अंदाज बांधणाऱ्या स्वतंत्र कार्यालयाला त्याने बळ दिले आणि त्याच्या संचालकाच्या नेमणुकीला सिनेटची संमती आवश्यक केली. दुसरे म्हणजे, १९८२ पासूनची, खर्चवाढीला लगाम घालणारी नन-मॅकर्डी तरतूद कडक केली. चालू अंदाजापेक्षा २५ टक्के किंवा मूळ अंदाजापेक्षा ५० टक्के खर्च वाढला, तर प्रकल्प बंद होणार असेच गृहीत धरायचे; तो चालू ठेवायचा असेल तर संरक्षणमंत्र्यांनी लेखी प्रमाणित करायचे की याला पर्याय नाही आणि ज्यांचे पैसे कापून याला द्यायचे त्या कामांपेक्षा हे काम महत्त्वाचे आहे. पूर्वी थांबवणाऱ्याला कारण द्यावे लागे, आता चालू ठेवणाऱ्याला द्यावे लागते. मला त्या कायद्यात सर्वांत मोलाची वाटते ती हीच उलटापालट.

सी-२०१ (सकाळी ९.०५): काका, अर्थशास्त्र शिकवते म्हणून एक आक्षेप नोंदवते. ही अट असूनही अमेरिकेच्याच सेंटिनेल क्षेपणास्त्राचा खर्च २०२० च्या अंदाजापेक्षा ८१ टक्क्यांनी वाढून सुमारे १४१ अब्ज डॉलरवर गेला, आणि जुलै २०२४ मध्ये तो प्रकल्प आवश्यक असल्याचे प्रमाणित करून पुढे चालूच ठेवला गेला. मग कायद्याने साधले काय?

ए-१०३ (सकाळी ९.३०): ताई, आक्षेप मान्य आहे. साधले एवढेच की आकडा उघड झाला आणि त्याखाली कुणाची तरी सही आली. आपल्याकडे दुखणे निराळे आहे. बोफोर्स तोफांचा करार मार्च १९८६ मध्ये झाला, पुढच्या वर्षी लाचेचा आरोप झाला, आणि तेव्हापासून फाइलवर सही करण्याची जी धास्ती बसली ती मी जवळून पाहिली आहे. एकदा पंपाच्या सीलची मागणी इतकी टेबले फिरली की खोका उघडला, मेणकागद सोडवला, तेव्हा आत निघाले ते जुन्या मापाचे सील. पंप मधल्या काळात बदलला होता. प्रत्येकाने नियम पाळला होता, एकाचाही दोष निघाला नाही.

बी-३०२ (सकाळी ९.५०): मग आपल्या कायद्यात काय असावे, असे तुम्हांला वाटते?

ए-१०३ (सकाळी १०.२०): स्वतंत्र किंमत-अंदाज हवाच. गरजांची यादी कोणत्या तारखेनंतर बदलायची नाही, हेही हवे. तुमच्या वडिलांचा खण आठवा. पण माझा भर तिसऱ्या गोष्टीवर आहे. ‘कलवरी’ पाणबुडीचा करार २००५ चा, ती नौदलात आली डिसेंबर २०१७ मध्ये, आणि आली ती जुन्या टॉर्पेडोंवर. कारण नवे टॉर्पेडो ज्या कंपनीकडून घ्यायचे होते, तिच्या मूळ समूहाचे नाव हेलिकॉप्टर खरेदीतल्या लाचेच्या प्रकरणात आले आणि ती खरेदी रद्द झाली. आरोप झालेल्या कंपनीची चौकशी अवश्य व्हावी, परंतु त्या वस्तूचा दुसरा पुरवठादार किती महिन्यांत शोधायचा आणि त्याला जबाबदार कोण, हे कलम दंडाच्या कलमाच्या आधी लिहिले पाहिजे. नाहीतर शिक्षा कंपनीला कमी आणि पाणबुडीतल्या पोरांना जास्त होते.

सी-२०१ (सकाळी १०.३५): हे कलम मला पटले. मुदत मात्र मंत्रालयाने ठरवू नये, कायद्यातच आकडा घालावा.