पडताळणीची तारीख आईच्या शस्त्रक्रियेच्या दिवशीच आली आहे. पुढची तारीख कशी मागावी?

गिरणाकाठ

सर्वांना नमस्कार. माझी आई जळगाव जिल्ह्यातील आमच्या मूळ गावी राहते. तिचे वय ६८ असून ती विधवा आहे आणि तिच्या नावावर अंत्योदय योजनेची पिवळी शिधापत्रिका आहे. परवा कोतवालाने घरी एक नोटीस आणून दिली. शिधापत्रिकेच्या पडताळणीसाठी तिने येत्या गुरुवारी सकाळी ११ वाजता मूळ कागदपत्रांसह तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत समक्ष हजर राहावे, आणि ‘अनुपस्थित राहिल्यास आपले काहीही म्हणणे नाही असे समजून पुढील कार्यवाही करण्यात येईल’, असे तीत लिहिले आहे.

नेमक्या त्याच गुरुवारी धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात तिच्या डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरलेली आहे. ती तारीख मिळायला दोन महिने लागले, त्यामुळे ती सोडण्याची माझी तयारी नाही. पण महिन्याचे ३५ किलो धान्य बंद झाले तर आईचे घर चालणार नाही, हेही तितकेच खरे आहे. मी स्वतः चाळीसगावला सासरी असते आणि माझे नाव सासरच्या शिधापत्रिकेत आहे. आईच्या पत्रिकेत तिच्याशिवाय फक्त माझ्या धाकट्या भावाचे नाव आहे. तो सुरतेला उधना भागात यंत्रमागावर कामाला असतो आणि गावी आखाजी-दिवाळीलाच येतो.

कार्यालयात फोन केला तेव्हा ‘समक्ष या’ एवढेच उत्तर मिळाले. अशा वेळी दुसरी तारीख मागता येते का, ती कोणाकडे आणि कशी मागावी, आईऐवजी मी गेले तर चालेल का, आणि तोपर्यंत धान्य मिळत राहील ना, हे कोणी अनुभवाने सांगू शकेल तर फार उपकार होतील.

पांझराकाठ

ताई, मी पुरवठा शाखेतूनच निवृत्त झालो आहे आणि अशा नोटिसा स्वतःच्या हाताने पुष्कळ काढलेल्या आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

‘आपले काहीही म्हणणे नाही असे समजून’ हे वाक्य वाचून गावाकडची माणसे घाबरतात. ते वाक्य प्रत्येक नोटिशीत असते. त्याचा अर्थ एवढाच की, तुम्ही आला नाहीत आणि काही कळवलेही नाहीत, तर कार्यालयाला तुमच्या बाजूशिवाय निर्णय घेता येतो. म्हणून हजर राहता येत नसेल तर त्या तारखेच्या आत आपले म्हणणे कागदावर कार्यालयात पोहोचले पाहिजे. तारीख उलटून गेल्यावर दिलेला अर्ज आणि तारखेच्या आधी दिलेला अर्ज यांत फार मोठा फरक आहे. पहिल्यात आपण गैरहजर ठरतो आणि मग कारण सांगत बसतो. दुसऱ्यात आपण हजर राहायला तयार असून फक्त दिवस बदलून मागतो, आणि असा अर्ज संचिकेत लागलेला असताना धान्य बंद करण्याचा आदेश लिहिताना कोणताही जबाबदार अधिकारी दोनदा विचार करतो.

अर्ज आईच्याच नावाने करावा. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ च्या कलम १३ नुसार घरातील १८ वर्षांवरील सर्वांत ज्येष्ठ महिला ही शिधापत्रिकेपुरती कुटुंबप्रमुख असते, आणि नोटीसही त्यांच्याच नावाने आलेली आहे. नोटिशीच्या खाली ज्यांची सही आहे, मग ते तहसीलदार असोत, नायब तहसीलदार असोत किंवा पुरवठा निरीक्षक असोत, त्यांनाच उद्देशून अर्ज लिहावा. मजकूर लांबवू नये. मी असा लिहिला असता:

‘विषय: शिधापत्रिका पडताळणीस हजर राहण्याकरिता पुढील तारीख मिळणेबाबत. संदर्भ: आपली नोटीस, जावक क्रमांक व दिनांक. महोदय, उपरोक्त नोटिशीनुसार मला गुरुवारी समक्ष हजर राहण्यास कळविले आहे. त्याच दिवशी धुळे येथील शासकीय रुग्णालयात माझ्या डोळ्याची शस्त्रक्रिया निश्चित झालेली असल्याने मी हजर राहू शकत नाही. रुग्णालयाच्या कागदाची प्रत सोबत जोडली आहे. तरी मला दहा दिवसांनंतरची कोणतीही तारीख द्यावी, आणि माझे म्हणणे ऐकून घेईपर्यंत शिधापत्रिकेवरील धान्य सुरू ठेवावे, ही विनंती.’

शेवटचे वाक्य विसरू नका. पुष्कळ लोक नुसती तारीख मागतात आणि धान्याबद्दल काहीच लिहीत नाहीत; मग पुढची तारीख मिळते, पण मधल्या महिन्यात रेशन दुकानातल्या यंत्रावर पत्रिका बंद दिसते. आईंना सही येत नसेल तर अंगठा घेऊन शेजारी ‘निशाणी अंगठा’ आणि त्यांचे नाव लिहावे व एका साक्षीदाराची सही घ्यावी. अर्जात शिधापत्रिकेचा १२ अंकी क्रमांक आणि आपला मोबाइल क्रमांक न चुकता घालावा, कारण पुढची तारीख पुष्कळदा फोनवरच कळवली जाते.

अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात. एक आवक-जावक टेबलावर द्यावी आणि दुसरीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेऊन ती घरी आणावी. या पोहोचेवाचून अर्ज दिला आणि न दिला सारखेच. हे काम आपण स्वतः करू शकता. त्यासाठी आईंनी येण्याची गरज नाही. जाणे अगदीच अशक्य असेल तर अर्ज स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपून ठेवावी, मात्र गुरुवार जवळ आला असल्याने हातोहात देणेच बरे.

सातपुडा पायथा

गिरणाकाठ ताई, पांझराकाठच्या नानांनी पोहोचेविषयी जे लिहिले आहे ते आम्ही मोठी किंमत मोजून शिकलो, म्हणून आमची हकिकत सांगते.

माझे आईवडील नंदुरबार जिल्ह्यातून दर हंगामात ऊसतोडीला गुजरातेत बारडोलीकडे जातात. अशाच एका पडताळणीची नोटीस आली तेव्हा ते दोघे टोळीबरोबर निघण्याच्या तयारीत होते. वडिलांनी नोटीस घेऊन आलेल्या माणसालाच सांगितले की, आम्ही चाललो आहोत, होळीला परत येऊ, तेव्हा हजर होऊ. त्यांना वाटले की कार्यालयाला कळवले. कागदावर मात्र ते कुठेच आले नाही. होळीला परतल्यावर ते दुकानात गेले, तर यंत्रावर त्यांची पत्रिका बंद दाखवत होती.

ती पुन्हा सुरू व्हायला तीन महिने लागले. त्या काळात घरात ज्वारीही विकतची आणि तांदूळही विकतचे, तेही उसनवारीवर. कार्यालयात चार फेऱ्या झाल्यावर मी १९६७ या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि तक्रारीचा क्रमांक घालून जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्यांकडे अर्ज दिला. असा अधिकारी प्रत्येक जिल्ह्यात असला पाहिजे, हे अन्न सुरक्षा अधिनियमाच्या कलम १५ मध्येच आहे, हे तोवर आम्हाला ठाऊकच नव्हते. त्यानंतर महिन्याभरात पत्रिका सुरू झाली.

आणखी एक गोष्ट आपल्या भावासाठी आणि बाहेरगावी जाणाऱ्या सगळ्यांसाठी सांगते. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ या व्यवस्थेमुळे आपल्या गावची पत्रिका असतानाही गुजरातेतल्या रेशन दुकानात अंगठा देऊन धान्य घेता येते. माझ्या आईवडिलांनी ते कधी घेतले नाही. दुकानदार काय म्हणेल या संकोचाने ते गेलेच नाहीत. केंद्र सरकारच्या २०२५ च्या सुधारित आदेशानुसार सहा महिने धान्य न उचललेली पत्रिका तात्पुरती निष्क्रिय करून तिची पुन्हा पडताळणी करतात. म्हणजे ज्या घराला पोटासाठी सहा महिने बाहेर राहावे लागते, त्या घरानेच संकोच केला तर त्याचीच पत्रिका आधी संशयात येते. हे मला आजही फार लागते.

मनुदेवी रोड

माझे मत जरा वेगळे आहे. ई-केवायसीची, म्हणजे आधारवरून प्रत्येक सदस्याची ओळख पटवून घेण्याची, मुदत सरकारने किती वेळा वाढवली हे आपण सर्वांनी पाहिले आहे. या पडताळणीचीही तारीख आपोआप पुढे जाईल. उगाच अर्ज देऊन स्वतःकडे लक्ष वेधून घेण्यापेक्षा शस्त्रक्रिया उरकून घ्यावी आणि नंतर कार्यालयात जावे, असे वाटते.

पांझराकाठ

भाऊ, आपला हेतू चांगला आहे, परंतु हा सल्ला ताईंनी मानू नये असे मी आग्रहाने सांगतो. ई-केवायसीची मुदत ही सर्वांसाठी असते आणि ती वाढली की सर्वांसाठी वाढते. ही नोटीस एका व्यक्तीच्या नावाने, जावक क्रमांकासह निघालेली आहे. तिची तारीख आपोआप पुढे जात नाही. १ एप्रिल ते ३१ मे २०२५ या काळात राज्यभर झालेल्या अपात्र शिधापत्रिका शोध मोहिमेतसुद्धा, ज्यांनी वास्तव्याचा पुरावा दिला नाही त्यांना १५ दिवसांची संधी द्यायची तरतूद होती. पण त्या मुदतीतही जे आले नाहीत त्यांच्या पत्रिका रद्द करण्यास पात्र ठरत होत्या. पात्र माणसाने कार्यालयाच्या नजरेस पडायला भिऊ नये. पात्र असून जो गप्प राहतो, त्याची गणना अपात्रांत होते, हे मी त्याच टेबलावर बसून पाहिले आहे.

तोल काटा

मी यावल तालुक्यात रास्त भाव दुकान चालवतो. नोटिशीवरची पडताळणी आणि ई-केवायसी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ताईंना दोन्ही सांभाळाव्या लागतील, म्हणून लिहितो आहे.

कागदपत्रे दाखवायला किंवा अर्ज द्यायला घरचे दुसरे माणूस गेले तर बहुतेक वेळा चालते. सोबत आईंच्या अंगठ्याचे संमतीपत्र आणि दोघींच्या आधार कार्डांच्या प्रती ठेवाव्यात. अंगठा मात्र दुसऱ्याचा चालत नाही. प्रत्येक सदस्याची ई-केवायसी त्याने स्वतःच करावी लागते. गावच्या दुकानदाराकडे जाऊन १२ अंकी क्रमांक ई-पॉस यंत्रावर टाकायला सांगा. कोणाची झाली आहे आणि कोणाची राहिली आहे हे लगेच दिसते. महिन्याच्या सुरुवातीला धान्य आल्यावर गर्दी असते आणि सर्व्हरही अडखळतो, म्हणून पंधरा तारखेनंतर दुपारी जावे, म्हणजे दुकानदारालाही वेळ देता येतो.

भावाने केवळ अंगठ्यासाठी मजुरी बुडवून गावी येण्याची गरज नाही. ई-केवायसी देशातील कोणत्याही रेशन दुकानात करता येईल अशी सोय केंद्राने दिलेली आहे. त्याने उधन्यातल्याच दुकानात आधार कार्ड आणि शिधापत्रिकेचा क्रमांक घेऊन जावे. ‘मेरा ई-केवायसी’ या मोबाइल ॲपवरही चेहरा दाखवून ते होते. आईंसाठी मात्र चेहऱ्याचा मार्ग सध्या वापरू नका, कारण त्यात कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करावी लागते आणि डोळ्यावर पट्टी असताना ते जमणार नाही.

आपल्या भागात कापूस वेचणाऱ्या बायांच्या बोटांना बोंडांची टोके लागून चिरा पडतात, आणि वेचणीच्या दिवसांत त्यांचे अंगठे यंत्र घेतच नाही. माझ्या दुकानात अशा वेळी मी हात कोमट पाण्याने धुऊन कोरडे करायला लावतो आणि अंगठा नाही आला तर दहाही बोटे एकेक करून पाहतो. तरीही नाहीच जुळले तर आधार केंद्रात जाऊन बोटांचे ठसे अद्ययावत करून घ्यावे लागतात. यंत्राने नाकारले म्हणून त्या बाईंनी रिकाम्या पिशवीने परत जावे, हे मला कधीच पटलेले नाही.

गिरणाकाठ

नाना, सातपुडा पायथा ताई आणि दुकानदार भाऊ, आपण तिघांनीही इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार.

काल मी चाळीसगावहून सकाळच्या एसटीने गेले आणि नानांनी सांगितलेल्या मजकुराचा अर्ज रुग्णालयाच्या कागदासह आवक टेबलावर दिला. पहिल्यांदा ‘ठेवून जा’ असे सांगितले गेले, परंतु मी दुसरी प्रत पुढे करून शिक्क्यासाठी थांबले, तेव्हा आवक क्रमांकासह पोहोच मिळाली. नंतर पुरवठा शाखेत अर्जाची प्रत दाखवली. तेथील बाईंनी नोंदवही पाहून पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारची तारीख दिली आणि ती माझ्या प्रतीवर स्वतःच्या सहीने लिहूनही दिली. वास्तव्याचा एका वर्षाच्या आतला पुरावा आणा, असे त्यांनी सांगितले आहे. विजेचे बिल आईच्याच नावावर असल्याने ती अडचण नाही. गावी जाऊन दुकानाच्या यंत्रावर पाहिले, तर आईची ई-केवायसी झालेली आहे आणि भावाची राहिली आहे.

एक शंका उरली आहे. भाऊ आता लग्नानंतर सुरतेलाच कायम राहण्याच्या विचारात आहे. पडताळणीत त्याच्याविषयी विचारले तर काय सांगावे? त्याचे नाव गेले तर आईचे धान्य कमी होईल का?

पांझराकाठ

ताई, जे खरे आहे तेच सांगावे. प्राधान्य कुटुंबाच्या पत्रिकेत धान्य माणशी ५ किलो असते, त्यामुळे एक नाव कमी झाले की तेवढे धान्य कमी होते. अंत्योदय पत्रिकेवर मात्र ३५ किलो हे संपूर्ण कुटुंबासाठी असते, त्यात माणसे किती हे पाहिले जात नाही. आधाराची शाश्वत साधने नसलेल्या विधवा कुटुंबप्रमुख या योजनेच्या निकषांतच बसतात, त्यामुळे भावाचे नाव कमी झाल्याने आईंचे धान्य घटण्याचे कारण नाही. तो सध्या गावी येऊन-जाऊन असेल तर नाव राहू द्यावे आणि ई-केवायसी तेवढी उधन्यात करून घ्यावी. सुरतेत स्वतंत्र शिधापत्रिका काढणार असेल तर आधी इकडचे नाव कमी केल्याचा दाखला घ्यावा, कारण दोन पत्रिकांत एकच आधार क्रमांक सापडला की दोन्ही पत्रिका चौकशीत अडकतात, आणि त्याचा त्रास तिकडे त्याला होण्याआधी इकडे आईंना होईल.

मंगळवारी जाताना कालची पोहोच मूळ प्रतीतच सोबत न्या. त्यांनी मागितली तर छायाप्रत द्या आणि मूळ प्रत स्वतःकडे ठेवा.