नव्या घरातला गारठा: आधी फटी, मग काचलोकर

नमस्कार मंडळी,
नव्याने घेतलेल्या घरात वरचा मजला गारठलेला असतो. ॲटिकमध्ये (छताखालच्या माळ्यावर) तुळयांच्या मधे जेमतेम १०० मिमी काचलोकर (ग्लासवूल) आहे, तीही जागोजागी काळवंडलेली. वरून आणखी एक थर अंथरला की भागेल का?

---

ताई, एवढ्यात अंथरू नका. ते काळे डाग फार कामाचे आहेत. घरातली उबदार हवा फटीतून वर चढते आणि लोकर गाळणीसारखी तिच्यातली धूळ धरून ठेवते. डागाखालची लोकर उचला, बहुतेक वेळा फट तिथेच सापडते: वायरचं भोक, सांडपाण्याच्या पाइपभोवतीची मोकळी जागा, नाहीतर भिंतीचा माथा. लोकर हवा अडवत नाही, त्यामुळे फटी तशाच ठेवून ३०० मिमी घातली तरी गळती चालूच राहते आणि वर थंडगार फळ्यांवर दव धरतं.

साधारण ६ मिमीपर्यंतच्या फटीला सीलंट (फटी बुजवायची लवचिक लुकण), त्याहून मोठीला डब्यातला फोम. फोम फुगतो, म्हणून फट निम्मीच भरा. चिमणीभोवती मात्र फोम अजिबात नको, तो पेट घेतो. तिथे पत्रा आणि आगरोधक सीलंट. ॲटिकच्या झाकणाला कडेने रबरी पट्टी आणि पाठीवर ५० मिमी फोमबोर्ड चिकटवा. झाकण घट्ट दाबून बसायला दोन कड्या लावा, नुसत्या वजनाने ते बसत नाही.

मग लोकर. नवा २०० मिमी थर तुळयांना आडवा टाका, म्हणजे लाकडातून जाणारी उष्णताही अडते. दाबून कोंबू नका. २०० मिमीची लोकर १०० मध्ये बसवली की तिचा बराचसा गुण जातो.

---

दादांच्या मेलला जोड. छताच्या वळचणीशी हवा खेळती राहायलाच हवी. तिथे आधी बॅफल (लोकरीने हवेची वाट बुजू नये म्हणून लावायचे आडोसे) ठोका आणि छताखाली किमान २५ मिमी पोकळी ठेवा. बाथरूमच्या एक्झॉस्ट पंख्याचा पाइप ॲटिकमध्येच मोकळा सोडलेला नाही ना, हेही पाहा. तो थेट बाहेर काढावा लागतो, नाहीतर वर बुरशी धरते.

खालच्या फटी शोधायला जोराच्या थंडीचा दिवस गाठा. खिडक्या बंद, स्वयंपाकघरातला आणि बाथरूमचा एक्झॉस्ट पंखा चालू, आणि पेटती उदबत्ती प्लगपॉइंट, खिडकीची चौकट, स्कर्टिंग यांच्या कडेने सावकाश फिरवा. धूर आडवा वळला की तिथे खडूने खूण करा. गॅसवर किंवा तेलावर चालणारं हीटर असेल तर ते बंद करूनच ही तपासणी करा. पंख्यांच्या ओढीने त्याचा धूर घरात येऊ शकतो. घर घट्ट केल्यावर चिमणीची ओढ कुणा जाणकाराकडून तपासून घ्या आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवाच.

---

खूप आभार. जुन्या लोकरीखाली प्लास्टिक अंथरलेलं आहे. नव्या थराखालीही घालू का?

---

नको! थंड हवामानात प्लास्टिक एकदाच, आणि तेही उबदार बाजूला, म्हणजे खोलीच्या छताला लागून. मधे दुसरं आलं की दोन्हींच्या मधे ओल अडकते आणि लाकूड कुजतं. वरचा थर कागद किंवा फॉइल नसलेलाच घ्या.