दोन सामन्यांचा खेळाडू, अकरा विजेतेपदांचा प्रशिक्षक: रॉड डेडो यांची कारकीर्द

अनुस्वार (प्रश्न):
अमेरिकेतील महाविद्यालयीन बेसबॉलविषयी वाचताना दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचे, म्हणजेच यूएससीचे, प्रशिक्षक रॉड डेडो यांचे नाव वारंवार समोर येते. त्यांच्या संघाने ११ राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली आणि १९८६ मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या खाती १,३३२ विजय होते. खेळाडू म्हणून मात्र मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलमध्ये, त्यांच्या नावावर केवळ दोन सामने आहेत. इतक्या तुटपुंज्या अनुभवाच्या बळावर त्यांनी हे कसे साधले असावे? शिवाय त्यांची कारकीर्द काही जण १९४२ पासून मोजतात, तर काही जण १९५१ पासून. यांपैकी योग्य कोणते?

दीपमाळ:
वर्षांचा उलगडा सोपा आहे. डेडो विद्यार्थी असताना ज्यांच्या हाताखाली खेळले, त्या सॅम बॅरी यांच्याकडेच यूएससीच्या संघाची सूत्रे होती. दुसऱ्या महायुद्धात बॅरी नौदलात गेल्यामुळे १९४२ मध्ये संघ डेडो यांच्याकडे आला. युद्धानंतर बॅरी परतले, तेव्हा दोघांनी मिळून संघ सांभाळला आणि १९५० मध्ये बॅरी यांचे निधन झाल्यावर १९५१ पासून डेडो एकटेच प्रमुख राहिले. त्यामुळे ११ पैकी १९४८ चे पहिले विजेतेपद दोघांच्या संयुक्त नावावर आहे. कलमझू येथे झालेल्या त्या अंतिम लढतीत त्यांनी येल विद्यापीठाला हरवले, आणि येलकडून पहिल्या बेसवर क्षेत्ररक्षणाला थोरले जॉर्ज बुश उभे होते, जे पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले.

कोरा कागद:
मूळ प्रश्नातील 'तुटपुंजा अनुभव' हे वर्णन मला पूर्णपणे पटत नाही. १९३५ च्या सप्टेंबरमध्ये ब्रुकलिन डॉजर्स या मेजर लीग संघाकडून शॉर्टस्टॉप (दुसऱ्या व तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) म्हणून ते दोन सामने खेळले, चार वेळा फलंदाजीला आले आणि एक हिट मिळवला. त्यानंतर पाठीच्या दुखापतीने व्यावसायिक खेळ संपला. आकड्यांत एवढेच दिसते. परंतु त्या संघाचे व्यवस्थापक केसी स्टेंगल होते, ज्यांनी पुढे न्यूयॉर्क यांकीजला सात वेळा वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगचे विजेतेपद, जिंकून दिली. स्टेंगल यांचे घरही डेडो यांच्याप्रमाणे कॅलिफोर्नियातील ग्लेनडेलला असल्यामुळे दोघांची मैत्री अखेरपर्यंत टिकली. खेळाविषयी बोलायला असा माणूस शेजारी असताना डेडो यांचे शिक्षण दोन सामन्यांवर थांबले, असे कसे म्हणता येईल?

माझ्या मते त्यांच्या यशामागचे खरे कारण वेगळेच आहे आणि त्याची चर्चा फारच कमी होते. प्रशिक्षकपद हा त्यांच्या उपजीविकेचा मार्ग नव्हता. त्यांनी अवघ्या ५०० डॉलरच्या भांडवलावर मालवाहतुकीची 'डार्ट' ही कंपनी उभी केली, ती भरभराटीला आली, आणि विद्यापीठाकडून ते वर्षाला नाममात्र एक डॉलर वेतन घेत राहिले. पुढच्या हंगामात नोकरी राहील की नाही, ही चिंता ज्याला नाही, तो प्रशिक्षक खेळाडूंच्या बाबतीत धीर धरू शकतो. पिचर (चेंडू फेकणारा) टॉम सीव्हर हे फ्रेस्नोच्या एका लहान महाविद्यालयातून आले तेव्हा डेडो यांनी त्यांना लगेच शिष्यवृत्ती दिली नाही. उन्हाळ्यात अलास्कातील फेअरबँक्सच्या संघाकडून खेळून स्वतःला सिद्ध करण्यास सांगितले, आणि तेथील कामगिरी पाहून मगच संघात घेतले. सीव्हर यांनी पुढे मेजर लीगमध्ये ३११ सामने जिंकले. डेव्ह किंगमन आले होते पिचर म्हणून. डेडो यांनी त्यांना मैदानात आणि फलंदाजीत वळवले, आणि त्यांच्या नावावर पुढे ४४२ होम रन जमा झाले. मार्क मॅग्वायर यांचेही तसेच झाले, मात्र त्यात सहायक प्रशिक्षकांचा वाटा मोठा होता, हे नमूद केले पाहिजे.

त्रिज्या:
वरील प्रतिसाद उत्तम आहे, तरी परिस्थितीचे श्रेयही मान्य करायला हवे. दक्षिण कॅलिफोर्नियात जवळपास वर्षभर मैदानावर सराव करता येतो, तर उत्तरेकडील विद्यापीठांचे हिवाळ्यातील महिने बंदिस्त सभागृहांत जातात. आसपासच्या शाळांतून इतके गुणवान खेळाडू तयार होत की, पुष्कळदा फार दूर जाऊन शोध घेण्याची गरजच पडत नसे. १९७० ते १९७४ अशी सलग पाच विजेतेपदे हा विक्रम अचाट आहे, त्यात शंका नाही. परंतु १९७८ नंतरच्या आठ हंगामांत त्यांचा संघ ओमाहाच्या राष्ट्रीय अंतिम स्पर्धेपर्यंत एकदाही पोहोचला नाही. पुढे मेजर लीगमध्ये गाजलेले पिचर रँडी जॉन्सन आणि मॅग्वायर हे दोघेही त्याच काळात संघात होते, हे लक्षात घेतले म्हणजे केवळ गुणवत्तेने काम भागत नाही, हे दिसते. स्पर्धक विद्यापीठे तोपर्यंत पैसा आणि पूर्णवेळ प्रशिक्षक घेऊन पुढे सरकली होती, आणि व्यवसाय सांभाळून प्रशिक्षण देण्याची डेडो यांची पद्धत मागे पडत चालली होती, असा माझा अंदाज आहे. कोरा कागद यांनी ज्याला बळ म्हटले आहे, तेच अखेरीस उणेही ठरले असावे.

कोरा कागद:
शेवटच्या काळाविषयीचा मुद्दा मान्य. पण १९७३ चा मिनेसोटाविरुद्धचा उपांत्य सामना हवामानाने जिंकून दिला नव्हता. मिनेसोटाचे पिचर डेव्ह विनफिल्ड यांनी त्या दिवशी यूएससीचे १५ फलंदाज स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केले होते आणि नवव्या, म्हणजे शेवटच्या, इनिंगला सुरुवात होताना धावफलक मिनेसोटाच्या बाजूने ७-० असा होता. यूएससीने त्या एका इनिंगमध्ये आठ धावा काढून सामना ८-७ असा जिंकला आणि नंतर विजेतेपदही घेतले.

अनुस्वार:
सर्वांचे आभार. त्यांच्या हाताखालील खेळाडूंपैकी पुढे प्रशिक्षक झालेले कोणी आहेत का?

दीपमाळ:
आहेत. १९६१ च्या विजेत्या संघातील माइक गिलेस्पी यांनीच डेडो यांच्यानंतर यूएससीचा संघ सांभाळला आणि १९९८ मध्ये विद्यापीठाला पुढचे विजेतेपद मिळवून दिले. खेळाडू आणि प्रमुख प्रशिक्षक अशा दोन्ही भूमिकांत ही स्पर्धा जिंकणारे ते जेरी किंडल यांच्यानंतरचे दुसरेच. डेडो यांच्या हाताखाली खेळलेल्या टॉम हाउस यांचे नाव मात्र भारतीय वाचकांच्या अधिक परिचयाचे असेल. २००८ मध्ये भारतातील एका दूरचित्रवाणी स्पर्धेतून निवडलेल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या भालाफेकपटूंना त्यांनी यूएससीमध्येच पिचिंग शिकवले, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांशी करार केला.