केर्न्सचा ब्लॅक मार्लिन – धरतात आणि सोडून देतात? कुणी गेलंय का?

निनाद_ब्रिस्बेन:

नमस्कार मंडळी. परवा मुलाच्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुट्टीत आम्ही तिघं ऑस्ट्रेलियातल्याच केर्न्सला जाऊन आलो (इथले लोक केन्झ म्हणतात, माझ्या तोंडी अजून बसत नाही). रीफ (समुद्रातली प्रवाळाची रांग) बघितली, पोराला कासव दिसलं, तो खूश. पण खरी गंमत संध्याकाळी मरीनावर झाली. एक मोठी बोट नुकतीच लागली होती, मागच्या डेकवर मधोमध दाताच्या डॉक्टरकडे असते तसली खुर्ची बोल्ट मारून बसवलेली आणि दोन्ही बाजूंना आभाळात गेलेल्या लांबच लांब काठ्या. पोरगं विचारायला लाजत नाही, त्यानं डेक धुणाऱ्या मुलालाच विचारलं की ही खुर्ची कशाला. तो म्हणाला, ब्लॅक मार्लिन माशासाठी, आज एक साडेआठशे पौंडाची होती, सोडली. मी म्हटलं सोडली म्हणजे सुटली का, तर म्हणे नाही नाही, बोटीपर्यंत आणली आणि मग सोडली.

रात्री बाबांना फोनवर सांगितलं, ते मूळचे मालवणचे, दोन मिनिटं त्यांचा विश्वासच बसेना. "चारशे किलोचो मासो धरून सोडून दिलो? येडे आसत की काय ते?"

तर प्रश्न असे की बोटीवर घेतलाच नाही तर वजन कुणी केलं, सोडतात तर मग एवढा खटाटोप कशासाठी, आपल्याकडे बंदरावर तलवार मासा म्हणून येतो तोच का हा, आणि मुख्य म्हणजे पुढच्या वर्षी माझ्यासारख्या, आयुष्यात फक्त खाडीत गळ टाकलेल्या माणसाला एक दिवस जाता येईल का? मुलगा नऊ वर्षांचा आहे.

---

गळटाक्या:

निनाद, मी टाऊन्सविलला असतो, केर्न्सच्या मोठ्या मार्लिनला एकदाच गेलोय, ऑफिसातल्या चौघांनी वर्गणी काढून. एकट्याच्या खिशाचं काम नाही, दिवसाला काही हजार डॉलर जातात आणि बोट अख्खीच घ्यावी लागते.

सीझन सप्टेंबर ते डिसेंबर, त्यातही ऑक्टोबर-नोव्हेंबर खरा. ग्रेट बॅरियर रीफची बाहेरची कड आहे ना, केर्न्सपासून वर लिझर्ड आयलंडपर्यंत, तिथे रीफ संपली की तळ एकदम शेकडो मीटर खाली जातो, आणि त्या कडेकडेनं हे मासे फिरतात. सकाळी घाई नसते. सकाळ चारा धरण्यात जाते, मार्लिनचा खेळ दुपारनंतर अंधार पडेपर्यंत. बऱ्याच बोटी रात्री रीफच्या आडोशालाच नांगर टाकतात.

आता चारा ऐका आणि घरी बायकोला सांगू नका. सुरमईच्या भावकीतला स्केली मॅकरेल, पाच-सहा किलोचा, ज्याच्या आपण तुकड्या पाडून रवा लावून तळल्या असत्या, तो अख्खा! डेकीनं (बोटीवरच्या मदतनिसानं) मोठ्या सुईनं त्याचं तोंड शिवलं, आणि गळ माशाच्या अंगात न खुपसता डोक्यापुढे दोऱ्याच्या फासानं बांधला. माझी आजी गोधडीला टाके घालायची तसे बारीक टाके. एक चारा पाण्यावर उड्या मारत येतो, दुसरा पोटात शिसं घालून पाण्याखाली पोहतो, त्या लांब काठ्या दोन्ही दोऱ्या बोटीपासून लांब धरायला.

तीन तास काही नाही. मी उलटी करून मोकळा झालेलो (गोळी आदल्या रात्रीच घ्या, बोट हलायला लागल्यावर घेऊन उपयोग शून्य, तिकडचा आग्नेय वारा सुटला की बोट खुळखुळ्यासारखी हलते). मग कॅप्टन वरून ओरडला आणि चाऱ्यामागे पाणी नुसतं फुगलं. फुगलं म्हणजे खरंच फुगलं, खालून कुणी म्हैस वर येतेय असं, आणि त्यातून चोच आणि जांभळा-निळा उजेड. मासा चवताळला की अंगावर रंग पेटतो, फोटोत तो येत नाही. चारा गेला, काठीवरची क्लिप फट्कन सुटली आणि रिळाचा आवाज सुरू झाला.

खुर्चीत मी नव्हतो, आमच्यातला एक पंजाबी होता, त्याची पन्नास मिनिटांत वाट लागली. दोरी १३० पौंडी, रिळाचा ब्रेक वीसेक किलोवर लावलेला, म्हणजे वीस किलोचं पोतं कुणीतरी सतत ओढतंय समजा. शेवटचं काम डेकीचं. तो जाड लीडर (गळाजवळची शेवटची दोरी) हातमोजा घातलेल्या हातावर गुंडाळून मासा बोटीला आणतो, आणि मासा त्याच क्षणी उसळला तर गुंडाळी सुटायला हवी, नाहीतर माणूस पाण्यात. मला तीच मिनिटं सगळ्यात भीतीची वाटली. लांब काठीनं पाठीत टॅग (ओळखीची खूण) टोचला, गळ काढला, आणि ती सावकाश खाली गेली. डोळा बशीएवढा. आमचीचं वजन कॅप्टननं सहाशे पौंड सांगितलं.

वजन असंच, नजरेनं. किनाऱ्यावर आणलेल्या माशाला एक जुना हिशोब लावतात, घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ८००, इंचात मोजलं की उत्तर पौंडात. घेर ७०, लांबी १४० धरा, ८५७ येतात. तुमच्या डेकीचा मासा साधारण तेवढा असणार, पण पाण्यातल्या माशाला टेप कोण लावणार, तेव्हा कॅप्टन म्हणेल ते. आणि कॅप्टनचे पौंड गिऱ्हाईक बघून वाढतात असाही एक मतप्रवाह आहे :)

---

सायली_मत्स्य:

मस्त धागा. निनाददादा, मी रत्नागिरीला मत्स्यशास्त्र शिकले, तेव्हा बाकीच्या प्रश्नांना मी हात घालते.

तुम्ही ऐकलेला साडेआठशेचा मासा "ती" होती, आणि हे मी न बघता सांगू शकते. ब्लॅक मार्लिनचा नर दोनशे किलोच्या वर क्वचित जातो. त्यामुळे हजार पौंडी, म्हणजे साडेचारशे किलोवाला मासा हवा म्हणून जगभरातून लोक केर्न्सला येतात, ते सगळे मादीच्याच मागे असतात. आणि ती तिथे असते कारण तिला अंडी घालायची असतात. एका मोठ्या मादीच्या पोटात कोट्यवधी अंडी. गळटाक्यांनी सांगितलेला सीझन हा विणीचाच हंगाम. पुढे पिल्लं वाढत वाढत पूर्व ऑस्ट्रेलियाच्या उबदार प्रवाहाबरोबर दक्षिणेला जातात, म्हणून उन्हाळ्यात न्यू साऊथ वेल्सला लहान मार्लिन लागतात.

आपल्या बंदरावरचा "तलवार मासा" हे गोळा नाव आहे. सेलफिश, मार्लिन, खरा स्वोर्डफिश, चोच असली की तलवार. खऱ्या स्वोर्डफिशची चोच चपटी, मोठ्या माशाला पोटाखालचे पंख नाहीत. सेलफिशच्या पाठीवर शीड. ब्लॅक मार्लिन ओळखायचा तर छातीच्या पंखाला हात लावा, तो अंगाला चिकटवून मिटता येत नाही, विमानासारखा ताठ. बाकी मार्लिनचे मिटतात. ही जात अरबी समुद्रातही आहे, आपली पाहुणी वगैरे नाही.

नेटवर "ताशी १२९ किमी" असा आकडा फिरतो, तो सोडून द्या. रिळावरून दोरी किती वेगानं गेली यावरून काढलेले हे हिशोब. सेलफिशला शिकार करताना नीट मोजलं तेव्हा ताशी तीस-चाळीसच्या आसपासच निघाला. मला त्यापेक्षा नवल वाटतं ते डोळ्याचं. या माशांच्या डोळ्याचा एक स्नायू डोळा हलवायचं काम सोडून उष्णता तयार करतो, शेगडीच म्हणा, त्यानं मेंदू आणि डोळे गरम राहतात, आणि खालच्या गार पाण्यात शिकार स्पष्ट दिसते. बाकी अंग पाण्याइतकंच थंड.

---

मासेखाऊ_पुणेकर:

जळजळ झाली, इनो घेतलं. पण एक शंका. विणीला आलेल्या मादीला तासभर ओढायचं, दमवायचं, टोचायचं आणि मग "आम्ही सोडून दिली" म्हणून मिरवायचं? खायला धरली असती तर एकवेळ समजलं असतं. आणि सोडलेली जगते तरी का?

---

सायली_मत्स्य:

प्रश्न रास्त आहे. सगळ्या जगत नाहीत. दमलेल्या मार्लिनवर शार्क टपलेले असतात, तिथे रीफवर तर जास्तच. जाड दोरी आणि मोठं रीळ वापरतात त्याचं एक कारण हेच, झुंज लवकर संपवायची. पातळ दोरीवर चार तास खेळवणं ऐकायला शूर वाटतं, माशाचा जीव त्यातच जातो. दुसरं म्हणजे गोल वाकडा सर्कल हुक, तो पोटात न अडकता जबड्याच्या कोपऱ्यात बसतो.

पूर्वी मारायचेच. १९६६ साली जॉर्ज ब्रॅन्सफर्डच्या 'सी बेबी' बोटीवर १०६४ पौंडाचा मासा लागला आणि केर्न्सचं नाव झालं, मग वर्षानुवर्षं धक्क्यावर मासे टांगून फोटो. जागतिक विक्रम अजून पेरूच्या काबो ब्लांकोचा, ४ ऑगस्ट १९५३, १५६० पौंड, म्हणजे ७०७ किलो. सत्तर वर्षं झाली, मोडलेला नाही. मोडायचा तर मासा मारून काट्यावर चढवावा लागतो, आणि आता बहुतेकांना ते नकोय. न्यू साऊथ वेल्सचा टॅगिंगचा कार्यक्रम १९७३ पासून चालू आहे, मासे कुठून कुठे जातात हे बरंचसं हौशी लोकांनी टोचलेल्या टॅगवरून कळलं. आणि १९९८ पासून ऑस्ट्रेलियात व्यावसायिक बोटींना ब्लॅक आणि ब्लू मार्लिन ठेवायलाच बंदी आहे, जाळ्यात-गळात आला तरी परत पाण्यात.

तुमच्या खेळवण्याच्या मुद्द्यावर माझंही मन पूर्ण साफ नाही, हे कबूल.

---

नाखवा_वसई:

सायलीताई, पंखाचं एकदम बरोबर बोललात. आमच्या बोटीवर दोनदा आला होता, जाळीत. बर्फाच्या खणात रचताना दोन्ही पंख आडवे येतात, मिटेनातच, शेवटी कोयत्यानं उडवले. तेव्हा कुणाला माहीत ही ओळख आहे म्हणून, आम्ही शिव्या घातल्या त्याला. त्यानं जाळीचं जे केलं ते विचारू नका, दोन दिवस विणत बसलो. आमच्याकडे सोडायचं कोण? डिझेलचा खर्च निघाला पाहिजे. पण भाव काही फार नाही येत, सुरमई-घोळीची सर नाही. मांस लाल-पांढरं, कोरडं, आमच्या घरी कुणी हौसेनं खात नाही.

---

गळटाक्या:

नाखवा, बरोबर. शिवाय एवढ्या मोठ्या शिकारी माशात पारा साठतो. इथलं अन्न खातं गरोदर बायका आणि लहान मुलांना सांगतं की असला मासा पंधरा दिवसांतून एकदाच, आणि त्या पंधरवड्यात दुसरा मासा नाही. बाबांना हे सांगा, कदाचित राग कमी होईल.

आणि निनाद, नऊ वर्षांच्या पोराला घेऊन मोठ्या मार्लिनला जाऊ नका. पैसे जातील, तो ओकेल, आणि दिवसभरात एकही चारा हलणार नाही असंही होतं. त्यापेक्षा ऑगस्टच्या सुमाराला इकडे टाऊन्सविलला या, केप बोलिंग ग्रीनच्या बाहेर पंधरा-वीस किलोची मार्लिनची पिल्लं असतात, हलक्या रॉडवर, पाच-दहा मिनिटांचा खेळ, चार उड्या मारतात आणि सोडायची. पोरालाही रॉड धरता येईल. जेवायला आमच्याकडे.

---

निनाद_ब्रिस्बेन:

सगळ्यांचे आभार, धाग्याची वाचनखूण साठवली. टाऊन्सविलचं नक्की, गळटाक्या, व्यक्तिगत निरोप करतो. पुणेकरांचा प्रश्न माझ्याही डोक्यात आहे, पोराला काय सांगायचं ते बघू.

काल बाबांना सगळं वाचून दाखवलं. पाऱ्याचं ऐकून "हं" म्हणाले. सुरमईचा चारा ऐकून फोन ठेवतात की काय वाटलं. मग सांगितलं की मोठ्या सगळ्या माद्याच असतात आणि अंडी घालायला येतात, म्हणून सोडतात. थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मला वाटलं पटलं.

मग म्हणाले, "म्हणजे गाभोळीवाली सोडल्यानी!"